थ्रीव्हच्या भिंतीतली एक दरज

शेतावरच्या वाहनतळात गाडी लावायची, गुरांच्या कुरणांमधून पंधरा-वीस मिनिटं चालायचं आणि नदीकाठच्या धक्क्यावर टांगलेली पितळी घंटा वाजवायची. मग बेटावरून छोटी नाव निघते. थ्रीव्ह कॅसलला जायचं ते असं.

हा किल्ला नैऋत्य स्कॉटलंडमधल्या गॅलोवे भागात, कॅसल डग्लस गावाजवळ आहे. नदीचं नाव डी. बालमोरलच्या राजवाड्याशेजारून वाहते ती डी वेगळी, तिचा या नदीशी संबंध नाही. ही संथ आणि रुंद आहे. काठाला लव्हाळी आणि दलदल, मागे हिरवे उतार, आणि मधल्या सपाट बेटावर एकटा उभा असलेला करडा चौकोनी मनोरा. सिंधुदुर्ग आणि जंजिरा पाहून मोठी झालेली मी, त्यामुळे जलदुर्ग म्हटला की मला लाटा आठवतात. इथे लाट नाही. पाणी जवळजवळ आवाज न करता भिंतीपाशी येतं.

जुन्या दगडी बांधकामांची पाहणी करणं हे माझं काम. त्या जून महिन्यात आम्ही चौघे होतो, आणि आमच्यातला सगळ्यात अनुभवी माणूस म्हणजे साठी ओलांडलेला गवंडी. तो मला 'लास' म्हणतो. तिकडे वडीलधारी माणसं 'पोरी' म्हणून हाक मारतात, तसंच ते. परांचीचे सुटे पाइप नावेच्या चार खेपांत बेटावर आले आणि नदीकडच्या अंगाला उभे राहिले. मग आमची रोजची पद्धत सुरू झाली. लहान हातोडीने एकेक दगड वाजवायचा आणि कान द्यायचा. घट्ट बसलेला दगड टणकन बोलतो, सुटलेला भद्द करतो.

या भिंती आर्चिबाल्ड डग्लसने बांधल्या. 1369 साली गॅलोवेची सत्ता त्याच्या हाती आली. लोक त्याला 'आर्चिबाल्ड द ग्रिम' म्हणत, म्हणजे उग्र चेहऱ्याचा. 1400 च्या नाताळात तो इथेच वारला. दारावर भिंतीतून बाहेर आलेला एक दगड आहे, त्याला फाशीचा खुंटा म्हणतात. हा खुंटा कधी रिकामा नसतो, अशी आर्चिबाल्ड फुशारकी मारायचा, असं सांगतात. त्याच्या वंशजांची ताकद पुढे राजालाही सलू लागली. 1452 मध्ये राजा दुसऱ्या जेम्सने डग्लस घराण्याच्या आठव्या अर्लला, म्हणजे उमरावाला, स्टर्लिंगच्या किल्ल्यात बोलावून स्वतःच्या हाताने भोसकलं आणि 1455 मध्ये थ्रीव्हला वेढा घातला. डग्लसांनी थोडंच आधी मनोऱ्याभोवती तोफांसाठी जंग्या असलेला तट आणि गोल बुरूज बांधले होते. ब्रिटनमधल्या अशा सर्वांत जुन्या बांधकामांत त्यांची गणना होते. किल्ला दोन महिन्यांहून जास्त लढला, आणि अखेर तोफांपेक्षा राजाने देऊ केलेल्या आमिषांनी पडला. एडिंबरोच्या किल्ल्यातली मॉन्स मेग तोफ याच वेढ्यासाठी इथल्या लोहाराने घडवली, ही गोष्ट अजून ऐकायला मिळते. पण ती तोफ आजच्या बेल्जियममधल्या मॉन्सला तयार झाली आणि जेम्सच्या हाती 1457 मध्ये पडली, वेढा संपून दोन वर्षं झाल्यावर.

माझ्या कामाला जास्त महत्त्वाचं साल 1640 चं. तेव्हा राजाविरुद्ध उठलेल्या कव्हेनंटर या प्रोटेस्टंट पंथाच्या सैन्याने तेरा आठवडे वेढा घालून किल्ला घेतला आणि राहण्याजोगा ठेवला नाही. तेव्हापासून मनोऱ्यावर छप्पर नाही. भिंतीचा माथा उघडा आहे, आणि गॅलोवेमध्ये पाऊस भरपूर. माथ्यातून मुरलेलं पाणी खाली येतं आणि दरजांमधला चुना हळूहळू धुऊन नेतो. चुन्याचं काम असंच असतं. तो दगडापेक्षा मऊ असतो, पाणी शोषतो आणि परत बाहेर सोडतो, आणि झिजायचंच झालं तर आधी स्वतः झिजतो. चुना पुन्हा भरता येतो, फुटलेला चिरा पुन्हा उगवत नाही. म्हणून अशा भिंतीत सिमेंट भरायला माझा ठाम विरोध असतो. सिमेंट पाणी आत कोंडतं आणि मग झीज दगडाच्या वाट्याला येते.

त्या सकाळी जमिनीपासून पाचेक मीटरवर मला पाच रिकाम्या दरजा सापडल्या. वरच्या चार साध्या होत्या. आत जुन्या चुन्यात न विरघळलेले पांढरे कण दिसत होते, साबुदाण्यासारखे. कळीचा चुना वाळूत घालून तिथेच विझवला की असे कण राहतात. पाचवीच्या तोंडाशी मात्र काळपट, उंदरासारख्या लेंड्या होत्या. चिमटीत धरल्या तर भुगा झाला. उंदराची लेंडी अशी चुरत नाही. मी कान लावला. आत बारीक, तुटक चिरचिर चालू होती.

"वटवाघळं," गवंडी म्हणाला आणि त्याने हातातली हातोडी खाली ठेवली.

तिथे ब्रिटनमधल्या सगळ्या जातींच्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे. त्यांचं बिऱ्हाड मोडणं किंवा त्यांना त्रास देणं गुन्हा ठरतो, आणि दरजेत कॅमेऱ्याची नळी घालायलाही परवाना लागतो. थ्रीव्हचा परिसर तर स्कॉटलंडमधलं पहिलं वटवाघूळ अभयारण्य. जून म्हणजे माद्यांच्या बाळंतपणाचे दिवस. एका मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. आम्ही त्या भागातलं काम तिथेच थांबवलं.

जेवणाच्या सुट्टीत मी वाईला अण्णांना फोन लावला. अण्णांनी उभी हयात वाड्यांच्या आणि घाटांच्या डागडुजीत काढली. चुना, वाळू, गूळ आणि हिरड्याचं पाणी यांची घाणी बैल ओढत असताना त्यांनी पाहिलेली आहे.

"दरज भरायची की नाही ते कळेना, अण्णा. पाणी शिरतंय तिच्यातून."

"वरून शिरतंय की तिच्यातूनच?"

मी थांबले. पाणी वरच्या चार दरजांतून येत होतं. पाचवी कोरडी होती, म्हणूनच तर तिच्यात कोणी राहत होतं.

"आमच्याकडे भिंतीत साळुंक्या असायच्या," अण्णा म्हणाले. "पिल्लं उडेपर्यंत त्या वितीला हात लावायचा नाही, असा आमच्या म्हाताऱ्याचा दंडक होता. तोवर दुसरी भिंत करायची. घर कुठं पळून जातंय, पोरी?"

मोजणी करायची म्हणून संध्याकाळी आम्ही तिघे बेटावरच थांबलो, नावाडीही थांबला. जूनमध्ये तिथे सूर्य पावणेदहाच्या पुढे मावळतो. ऑस्प्रे एकदा नदीवरून घिरटी घालून गेला. आपल्या उजनीवर हिवाळ्यात येतो तोच मासेखाऊ शिकारी पक्षी, पण इथले ऑस्प्रे हिवाळा काढायला पश्चिम आफ्रिकेला जातात. 1916 च्या सुमारास तो स्कॉटलंडमध्ये घरटी करेनासा झाला होता आणि पन्नासच्या दशकात परत आला. मग पाणी जस्ताच्या रंगाचं झालं, आणि पावणेअकराला पहिलं वटवाघूळ दरजेतून खाली निसटलं.

ती डॉबेंटन जातीची होती, पाण्यावरची. नदीच्या पृष्ठभागापासून वीतभर उंचीवर सरळ रेषेत उडत ती मोठ्या पायांनी किडे उचलतात. त्यांचा आवाज आपल्या कानांच्या पट्टीत येत नाही. हातातलं यंत्र तो उतरवून ऐकवतं, आणि मग सुकी डहाळी मोडल्यासारखी कटकट सलग सुरू होते. आमच्यातलं कोणी बोललं नाही. मी सदतीस मोजली, गवंड्याने एकोणचाळीस. सहाशे वर्षांहून जुन्या, तोफा खाल्लेल्या त्या भिंतीतून ती एकामागून एक नदीवर उतरत होती. शेवटी अंधारात भिंत आणि आकाश वेगळं ओळखू येईना, पण यंत्र बोलतच होतं.

अहवाल लिहिताना खरी अडचण तारखेची आली. पिल्लं उडून बिऱ्हाड पांगायला ऑगस्ट संपतो. इकडे ओला चुना गोठला की भुगा होतो, त्यामुळे थंडीत दंव पडायच्या आत तो भरून, मुरून व्हायला हवा. मधे उरतात जेमतेम पाच-सहा आठवडे. मी वरच्या चार दरजा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यासाठी लिहिल्या. पाचव्या दरजेसमोर लिहिलं: 'भरू नये.'

सप्टेंबरमध्ये आम्ही पुन्हा घंटा वाजवून बेटावर गेलो. वाळूत विझवलेला गरम चुना गवंड्याने वरच्या चारही दरजांत खोलवर दाबून बसवला आणि त्यांवर ओली गोणपाटं टांगली, वाईला टांगतात तशीच. खाली उतरता उतरता तो पाचवीपाशी थांबला. वरून ओघळलेला चुन्याचा एक थेंब तिच्या ओठावर आला होता. त्याने तो अंगठ्याने पुसून काढला.