जलपूजनात अडकलेली दुपार

कराडात दाजींकडं जेवण्यात आणि लोळण्यात गेलेल्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. माणदेशाकडं चढणारं पाणी बघायचंय असा हट्ट मी धरला, तेव्हा दाजींनी कपाळाला हात लावला. "पाणी काय बघायचं? आमच्या रानात बघा की."

खोडशीपासून सुरुवात केली. कराडच्या वरच्या अंगाला, कोयना येऊन मिळायच्या आधीच कृष्णेवर हा इंग्रजी अमदानीतला बंधारा आहे, 1860 च्या दशकातला. डाव्या काठानं निघालेला कृष्णा कालवा वाळवा-तासगावकडं नुसत्या उतारानं जातो. ना पंप, ना वीजबिल.

टेंभू मात्र संगमाच्या खाली. आगरकरांचं हे जन्मगाव आता उपसा योजनेमुळं ओळखलं जातं. इथं कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं वर चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी, पार सांगोल्यापर्यंत न्यायचं. महाबळेश्वरला 5,000 मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि आटपाडीकडं 500 ची मारामार, त्यामुळं हा खटाटोप. खरी गंमत कोयनेची. धरण 105 टीएमसीचं, म्हणजे 105 अब्ज घनफुटांचं. त्यातलं बरंच पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. जे पूर्वेला येतं ते टेकड्यांवर चढवायला पुन्हा वीज! तिच्या बिलातले 81 टक्के सरकार भरतं, 19 टक्के शेतकरी. दाजी म्हणाले, "एकोणीस तरी कोण येळेवर भरतंय?"

टेंभूसारख्या एवढ्या योजना एकदम निघाल्या त्यालाही कारण होतं. राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला कृष्णेचं 560 टीएमसी दिलं आणि ते 2000 सालापर्यंत अडवून वापरात आणायची घाई झाली. म्हणून 1996 मध्ये कृष्णा खोरे महामंडळ निघालं, कर्जरोखे काढले, जिकडं तिकडं खोदाई सुरू झाली. मग पैसे आटले आणि कालवे वर्षानुवर्षं कोरडे पडून राहिले.

विट्याच्या अलीकडं एका गावात रस्ता बंद. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाळीचं पाणी, सुटलं होतं आणि जलपूजन होतं. कालव्याच्या भरावावर मांडव, हलगी, आणि एकाच फ्लेक्सवर इतके चेहरे की योजनेचं नाव कोपऱ्यात दडपलेलं. साहेब यायचे होते. गाड्या आडव्या लावलेल्या, हटवा म्हटलं तर कार्यकर्ता म्हणाला, "पाच मिंटं." त्या पाच मिनिटांत माझी पाण्याची बाटली संपली. डोक्यावर कळशा घेतलेल्या बायका उन्हात ताटकळत होत्या. मांडवातल्या खुर्च्या पुरुषांनी अडवलेल्या. एक म्हातारी मात्र रांगेत थांबलीच नाही. खाली उतरली, पाण्यात हळदकुंकू वाहिलं, तोंडावरून ओला हात फिरवला आणि निघाली. कुणीतरी हटकलं तर म्हणाली, "सायेब येईस्तवर पाणी फुडं गेलं बी."

थोडं पुढं गेटपाशी पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारा माणूस, वाकून आकड्यानं काहीतरी ओढत होता. आदल्या गावच्या पूजेतले नारळ, खण आणि एक अख्खी हिरवी साडी गजांत अडकली होती. साडी पिळून त्यानं भरावावर वाळत टाकली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "प्रत्येक गावात वटी भरत्यात. चारी तुंबली की शिव्या मला."

मला राग आला तो उशिराचा कमी, त्या फ्लेक्सचा जास्त. 1993 पासून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, तेरा दुष्काळी तालुक्यांतले लोक वर्षानुवर्षं तिथं जमत राहिले. फ्लेक्सवर अण्णा शोधले. नव्हते.

उशीर झाला तरी बलवडी सोडायची नव्हती. तिथला येरळा नदीवरचा बळीराजा बंधारा लोकांनी बांधलाय. 1980 च्या दशकात ठेकेदार नदीतली वाळू उपसून नेत होते आणि विहिरी आटत होत्या. मुंबईतला गिरण्यांचा संप फसून परतलेली माणसं, डॉ. भारत पाटणकर, भाई संपतराव पवार यांच्यासारखे कार्यकर्ते आणि बलवडी-तांदुळवाडीचे लोक यांनी म्हटलं, वाळू आमची. थोडी आम्ही विकतो आणि त्या पैशात बंधारा बांधतो. आराखड्याला अभियंता के. आर. दाते मदतीला आले. पाण्यावर हक्क प्रत्येक कुटुंबाचा, भूमिहीनाचासुद्धा. आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही.

बंधाऱ्याजवळ भेटलेल्या आबांनी घरी नेऊन चहा पाजला, शेंगा पुढं केल्या. जुन्या श्रमदानाचा विषय निघाल्यावर पुण्याच्या कॉलेजातल्या पोरांनी दगड कसे चुकीचे धरले, एवढंच त्यांनी रंगवून सांगितलं. बाकी विचारलं तर म्हणाले, "केलं सगळ्यांनी."

परतताना दाजी बराच वेळ गप्प होते. पलूसकडून खाली आलो तशी दोन्ही बाजूंना उसाची गर्दी सुरू झाली. मधेच एखादं रान पांढरं फटक. पाट पाण्यानं जमीन क्षारपड झालेली, त्यात गवतसुद्धा धड नाही. मी म्हटलं, "बघा दाजी, बलवडीकरांचं बरोबर होतं की नाही?"

"तुम्ही पुण्यात पगार घेता," दाजी म्हणाले. "ऊस लावायचा न्हाई म्हटलं तर साखर कारखाना बिल कशाचं देणार, आणि पोराला पोरगी कोण देणार?"

इस्लामपूर येईपर्यंत आमचं हेच चाललं होतं.