आजीची खानावळ आणि बेमुदत संप

18 जानेवारी

1982 साली याच तारखेला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, त्यामुळे याचं श्राद्ध तरी कसं घालायचं!

संपाचा विषय निघाला की संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत येतात, गिरण्यांतली मान्यताप्राप्त युनियन म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ येतो, वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला देणारा 1946 चा कायदा येतो. आजी कुठे येत नाही. ती लालबागच्या चाळीत खानावळ चालवायची.

खानावळ म्हणजे पाटीबिटी काही नव्हती. राहती खोली तीच. पोरांचं अंथरूण गुंडाळलं की तिथेच पंगत. मेंबर म्हणजे जेवायला येणारे गिरणी कामगार, बहुतेक कोकणातले, बायकामुलं गावी ठेवून आलेले, एकेका गाळ्यात दाटीवाटीने राहणारे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी, त्यामुळे स्टोव्ह कधी थंड व्हायचाच नाही. महिनाभर जेवायचं आणि पगाराला हिशेब. गावी गेलेल्या दिवसांचे खाडे वजा. तोवर वाण्याची उधारी आजीच्या डोक्यावर. गिरणगावातल्या अशा बायका सावकाराच्या व्याजात पिचायच्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे त्यांना जरा श्वास घेता आला. आजी त्यांतलीच एक.

मग संप. पगार नाही म्हणजे खानावळीचे पैसे नाहीत. बँकेचा हप्ता मात्र संपावर जात नाही. कितीतरी मेंबर गावी गेले. राहिले त्यांना आजीने ताट नाकारलं नाही. बाबा सांगतात, आधी बांगडा गेला, मग सुका बोंबील, शेवटी भात आणि कुळथाची पिठी. मंगळसूत्रातले मणी याच काळात मोडले. एवढा मोठा संप इतके महिने तगला तो कुणाच्या उधारीवर, हा हिशेब कुणी मांडायला हवा होता.

पुढे काही गिरण्या पोलीस बंदोबस्तात थोड्याफार सुरू झाल्या. आजीचा एक मेंबर संप मोडून कामावर गेला. गावी आई आजारी होती म्हणे. बाकीच्यांनी बजावलं, त्याला वाढलंस तर आम्ही उठू. आजीने वाद घातला नाही. सगळे जेवून गेल्यावर, उशिरा, दार लोटून ती त्याला वाढायची. बाबांना आजही ते पटत नाही. ते स्वतः संपात होते आणि ‘फुटीर’ हा शब्द अजून दात आवळून उच्चारतात.

पण तेव्हा रोख पैसे देणारा मेंबर तो एकटाच होता. त्याच पैशांतून दुसऱ्या दिवशीचे तांदूळ यायचे आणि ते संपवालेच जेवायचे. आजीला हे माहीत होतं. जेवणाऱ्यांनाही असावं, कुणी विचारलं मात्र नाही.