मुंबईचे फायदे-तोटे घराच्या पत्त्यावर ठरतात

महानगरात राहावे की न राहावे, ही चर्चा निघाली की ठरलेल्या दोन याद्या समोर येतात. एका यादीत नोकरी, शिक्षण आणि इस्पितळे असतात, तर दुसरीत गर्दी, महागाई आणि प्रदूषण. मुंबईत नोकरी करताना मला या याद्यांचा फारसा उपयोग झाला नाही. शहराचा जो फायदा माटुंग्यात राहणाऱ्याला सहज मिळतो, तोच बदलापूरला राहणाऱ्याला रोज काही तास मोजून घ्यावा लागतो. मी बदलापूरला राहते आणि माझे कार्यालय फोर्टात आहे, त्यामुळे पुढचे सगळे लिखाण त्या अंतराच्या बाजूने झुकलेले आहे, हे आधीच सांगते.

बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे. जलद लोकल वेळेवर धावली तरी एका वेळच्या प्रवासाला दीड तास जातो, आणि सकाळी कर्जतहून येणाऱ्या गाड्या आमच्या फलाटावर भरूनच येतात. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत तरी जागा मिळेल असे बाहेरच्या माणसाला वाटते. परंतु तीच गाडी बदलापूरकडे येत असताना अंबरनाथ आणि उल्हासनगरचे प्रवासी तिच्यात आधीच चढून बसतात आणि 'रिटर्न' जातात. गाडी फलाटाला लागते तेव्हा खिडकीजवळच्या जागा गेलेल्या असतात, आणि 'तुम्ही तुमच्या स्टेशनवर का नाही चढत?' या प्रश्नावरून महिला डब्यात दिवसाचे पहिले भांडण होते. पुढे तीन जणींच्या बाकावर चौथी सीट मागायची, ती मिळाली की अर्धे अंग बाहेर ठेवून ठाण्यापर्यंत जायचे. भांडणाऱ्या दोघींपैकी चूक कोणाची, हे मला अजूनही सांगता येणार नाही, कारण दोघींच्याही घरांचे पत्ते त्यांच्या पगाराने ठरवलेले आहेत.

खरा प्रश्न घराचा आहे. गिरगावात किंवा दादरला आजही पागडीच्या, म्हणजे मालकाला सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या, खोल्यांमधून काही कुटुंबे नाममात्र भाड्यावर राहतात, कारण १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि १९९९ च्या कायद्यानेही जुन्या भाडेकरूंचे संरक्षण बऱ्याच अंशी कायम ठेवले. त्याच गल्लीत आज नव्याने खोली शोधणाऱ्याला अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम, दलालाची एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली आणि मुदत संपली की भाडेवाढ, असा सगळा भार उचलावा लागतो. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर कापड गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर मॉल आणि उंच इमारती आल्या, आणि गिरणगावातली अनेक मराठी कुटुंबे विरार, डोंबिवली, बदलापूरकडे सरकली. लालबाग-परळमध्ये कामाच्या ठिकाणी चालत जाणाऱ्या कामगारांची पुढची पिढी रोज लोकलने त्याच परळला नोकरीसाठी येते. मुंबईने नोकरी दिली हे खरेच, पण नोकरीजवळ राहण्याची सोय काढून घेतली, हेही त्यासोबत सांगायला हवे.

तरीही मी माझ्या गावी, चिपळूणला परत गेले नाही, याची दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की येथे मला कोणी जाब विचारत नाही. रात्री दहाच्या लोकलने एकटी घरी परतले तर इमारतीतले कोणी खुलासा मागत नाही, आणि रात्रीच्या महिला डब्यात पोलीस कर्मचारी असतो. गावातील जातीच्या जाचापासून सुटण्यासाठी शहरात येणाऱ्यांना या मोकळेपणाचे मोल माझ्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षे राहिले, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावगाड्याच्या उदात्तीकरणावर त्यांनी कठोर शब्दांत टीका केली. मात्र या मोकळेपणालाही घराच्या दारात मर्यादा पडते. रस्त्यावर, लोकलमध्ये, कार्यालयात आडनाव न विचारणारे शहर भाड्याची खोली बघायला गेल्यावर आडनाव विचारते, मांसाहार करता का असेही विचारते आणि त्यावरून नकारही देते.

दुसरे कारण उपचारांचे आहे. परळला कर्करोगावर उपचार करणारे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे आणि त्याच्या समोरच्या बाजूला महापालिकेचे केईएम रुग्णालय १९२६ पासून आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण टाटाला येतात; कोणाला दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते, तर कोणी पदपथावर पथारी टाकतो. आमच्या घरातील एका आजारपणात आम्ही तपासणी आटोपून त्याच संध्याकाळी बदलापूरला येत होतो. दिवसभराच्या रांगेनंतर तो प्रवास कष्टाचाच होता, पण शेजारच्या खाटेवरचे कुटुंब महिनोन्महिने घर सोडून आले होते आणि त्यांच्या खर्चात औषधांइतकाच राहण्या-जेवण्याचा वाटा होता.

या सोयींची किंमत मात्र केवळ शहरात राहणारेच देतात असे नाही. मुंबईच्या पाण्याचा मोठा भाग तानसा, भातसा, वैतरणा या धरणांतून येतो. त्यातील काही धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेथील अनेक तरुण आसनगाव स्थानकावरून कसारा लोकल पकडून मुंबईत कामाला येतात.

आमच्या डब्यातल्या निवृत्तीला आलेल्या बायका 'आता गावी जाऊन राहणार' असे नेहमी सांगतात, आणि मीही सांगते. त्यांतल्या ज्या प्रत्यक्ष गेल्या, त्यांतील बहुतेकींनी बदलापूरचे घर विकले नाही. रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देणारा डॉक्टर गावी मिळतो, पण अँजिओग्राफीसाठी ठाणे-मुंबईच गाठावी लागते, असे त्याचे कारण त्या देतात. मला ते पटते, म्हणून मीही माझे घर विकणार नाही.