भाकरीत मूठभर कणीक

गेल्या महिन्यात माझा टीटीजीचा, म्हणजे सिलिॲकसाठी करतात त्या रक्ताच्या टेस्टचा, रिपोर्ट पहिल्यांदा नॉर्मल आला. सिलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो आजार, तो कळून चार वर्षं झालीत. या चार वर्षांत कोणाच्या नणंदेला, कोणाच्या भाचीला फोनवर तेच तेच सांगत आलेय, म्हणून म्हटलं एकदा सगळं बसून लिहूनच काढू.

माझी सुरुवात पोटापासून झालीच नव्हती. हिमोग्लोबिन ८.४, सहा-सात वर्षं लोहाच्या गोळ्या, गोळ्या चालू असल्या की थोडं वर यायचं आणि बंद केल्या की परत खाली. पाळीमुळे असेल, खाण्यापिण्याकडे लक्ष नाही, टेन्शन घेतेस, असं सगळं ऐकून झालं. तोंडात सारखे फोड यायचे, केस गळायचे, संध्याकाळी पोट डब्ब व्हायचं, पण या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध असेल असं मनातसुद्धा आलं नाही. शेवटी एका डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि टीटीजी आयजीए नावाची रक्ताची टेस्ट लिहून दिली, सोबत टोटल आयजीए पण, कारण काही लोकांमध्ये आयजीए, म्हणजे त्या प्रकारची अँटीबॉडीच, मुळात कमी असते आणि मग पहिली टेस्ट खोटी नॉर्मल येते. माझी टीटीजी २०० च्या वर आली, लॅबची लिमिट २० होती. मग एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे तपासले. आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते, तिच्यातूनच अन्नातलं सत्त्व रक्तात जातं, ती माझी झिजून सपाट झालेली. लोह कितीही गिळलं तरी ते आत घ्यायला जागाच नव्हती.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगते. शंका आली म्हणून टेस्टच्या आधी गहू बंद करू नका. गहू बंद केला की शरीर अँटीबॉडी बनवणं कमी करतं आणि टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. सिंहगड रोडच्या माझ्या एका मैत्रिणीने असंच केलं, दोन महिने पोळी सोडली, बरं वाटलं, मग टेस्ट केली तर काहीच नाही. आता खात्री करायची तर तिला परत कित्येक आठवडे रोज गहू खावा लागणार आणि बरं वाटायला लागल्यावर ते करणं किती जिवावर येतं ते तिलाच विचारा.

निदान झालं तेव्हा मला खरं तर हायसं वाटलं होतं. ग्लुटेन गव्हात, जवात म्हणजे आपल्या सातूत, आणि राय नावाच्या धान्यात, जे आपण खातच नाही. म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा, सगळं मोकळं. माझी आजी सोलापूरकडची, तिच्याकडे गव्हाची पोळी सणालाच व्हायची, एरवी दोन्ही वेळेला मालदांडी ज्वारीची भाकरी. मला वाटलं आपण आजीसारखं जेवायला लागू, संपलं. पोळी बंद, पाव बंद, रवा, मैदा, शेवया, लापशी सगळं बंद केलं. खपली पण बंद, कारण खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असतंच, दुकानात कोणी काही सांगू दे, सिलिॲकवाल्यांनी खपली खायची नाही.

वर्षभर मी खरंच एक घास पोळी खाल्ली नाही. आणि वर्षाने टीटीजी केली तर ९६.

त्या दिवशी मी कर्वे रोडवर गाडी बाजूला लावून रडले. डॉक्टर म्हणाले कुठून तरी रोज थोडं थोडं जातंय, शोधा. आमच्याकडे ते शोधायला दीड महिना लागला.

पहिली सापडली ती गिरणी. आमच्या गिरणीत गव्हाची चक्की वेगळी आणि ज्वारी-बाजरीची वेगळी, म्हणून मी निर्धास्त होते. एक दिवस दळण घेऊन तिथेच उभी राहिले आणि बघते तर ज्वारीच्या चक्कीवर माझ्या आधी कोणाची तरी थालीपिठाची भाजणी दळत होती. भाजणीत गहू असतो! काकांना विचारलं तर ते साधेपणाने म्हणाले, भाजणी या चक्कीवरच घेतो ना, गव्हाच्या चक्कीवर घेतली तर लोकांची कणीक काळी पडते. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, गिरणी अशीच चालते. शिवाय हवेत पीठ उडत असतं ते वेगळंच. तेव्हापासून पॅकेटमधलं पीठसुद्धा ग्लुटेन फ्री लिहिलेलं असेल तरच घेते. तसं लिहायचं तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे एका किलोत २० मिलिग्रॅमच्या आतच ग्लुटेन असावं लागतं. नुसतं ज्वारीचं पीठ लिहिलेलं असेल तर ते कुठे दळलं ते आपल्याला कळत नाही.

दुसरं हिंग. डबीतलं हिंग म्हणजे नुसतं हिंग नसतं, त्यात पीठ आणि डिंक मिसळून ते बांधलेलं असतं, आणि ते पीठ बरेचदा गव्हाचं असतं. वरणात, आमटीत, भाजीत, ताकात, माझ्या प्रत्येक जेवणात ते होतं. आता तांदळाच्या पिठात बांधलेलं हिंग मिळतं, ते लेबल वाचून आणते. बाहेरचं सांबार मात्र याच कारणाने सोडलं, इडली चटणीबरोबर खाते, तीसुद्धा रव्याची नाही ना आणि चटणीच्या फोडणीत हिंग नाही ना हे विचारून. मेतकुटात पण गहू असतो. हे कळलं तेव्हा मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण आजारपणात मऊ भात, तूप आणि मेतकूट एवढंच तर खात होते मी. आता आमच्या आई, म्हणजे सासूबाई, गहू न घालता घरी करतात, हरभरा डाळ आणि तांदूळ थोडे वाढवतात, चवीत फार फरक पडत नाही.

आणि तिसरी भाकरी. आमच्याकडे पोळ्यांना मावशी येतात, दहा वर्षं झाली, माझ्यावर फार जीव आहे त्यांचा. एकदा मी सुट्टीच्या दिवशी ओट्याशी उभी होते तर त्यांनी ज्वारीच्या पिठात सहज एक मूठ कणीक टाकली. मी ओरडलेच. त्या घाबरल्या, म्हणाल्या, "अवं ताई, पीठ जुनं झालंय, भाकर चिरतीय, तुमाला तुकडं खायला लागू नये म्हणून टाकते थोडी." म्हणजे वर्षभर, मला चांगली भाकरी मिळावी म्हणून, रोज. मी त्यांना काय बोलणार? चूक माझीच होती, मी गहू चालत नाही एवढंच सांगितलं होतं, का चालत नाही आणि किती थोडा चालत नाही ते सांगितलंच नव्हतं. मग दोघी बसलो, त्यांना रिपोर्ट दाखवला, आतड्याचं चित्र काढून दाखवलं. त्या दिवसापासून त्या आधी भाकऱ्या करतात, माझा डबा भरून झाकून ठेवतात आणि मगच गव्हाच्या पिठाचा डबा उघडतात. हे मी सांगितलेलं नाही, त्यांनी स्वतः ठरवलं.

किती थोडं म्हणजे किती, हे लोक विचारतात. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन बराच काळ पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते असं अभ्यासातून दिसलंय. पोळीचा नखाएवढा तुकडा धरा. त्रास झाला नाही म्हणजे चाललं असं नसतं हो, मला तर वर्षभर काहीच विशेष जाणवत नव्हतं.

भाकरी चिरते त्याचं मूळ पिठात आहे. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, चिकटपणा राहत नाही आणि कडवट पण लागतं. म्हणून आता आम्ही घरघंटी घेतली, नवीच घेतली, सेकंड हँड नको म्हटलं कारण तिच्यात आधी गहू दळलेला असणार. मार्केट यार्डातून ज्वारी आणते, निवडते, धुऊन वाळवते, कारण धान्यात गव्हाचा एखादा दाणा असतोच, आणि आठवड्यापुरतंच दळते. पीठ थोडं जुनं झालंच तर पाण्याला उकळी आणून उकड काढायची आणि गरम असतानाच मळायची, मस्त थापली जाते, कणीक लागत नाही. तुळशीबागेतून माझी वेगळी चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणं आणि तवा आणला. स्टीलची भांडी नीट घासली तर चालतात, लाकूड आणि चाळणी यांतून मात्र पीठ निघत नाही. तळणीचं तेल पण वेगळं, ज्यात शंकरपाळे तळले त्यात माझी कोथिंबीर वडी नाही.

बाहेरचं फार लिहीत नाही. बटाटेवडा बेसनाचा असला तरी कढई कोणती ते विचारा, मिसळीचं फरसाण सोडा, चायनीज नकोच कारण सोया सॉसमध्ये बरेचदा गहू असतो, माल्ट लिहिलेली दुधात घालायची पावडर म्हणजे बरेचदा जव. हुरडा पार्टीला मात्र जा, हुरडा ज्वारीचाच आहे ना एवढं विचारा, आणि घरून भाकरी न्या.

प्रसादाचं सांगते. सत्यनारायणाचा शिरा मी घेत नाही म्हणून एका काकूंनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, अगं एवढ्याशा प्रसादाने काय होतंय, देवाचं आहे. मी तीर्थ घेतलं, केळं घेतलं, पण घरी येईपर्यंत घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. गेल्या श्रावणात आमच्या घरी पूजा होती तेव्हा आईंनी कोणाला न विचारता तांदळाच्या रव्याचा शिरा केला, सव्वाच्या मापानेच, आणि सगळ्यांना तोच दिला. त्याच काकूंनी दोनदा मागून घेतला.

खाण्यात माझी एक चूक झाली ती तुम्ही करू नका. सुरुवातीला मी नुसता भात, साबुदाणा आणि ग्लुटेन फ्री बिस्किटं यावर होते, वजन वाढलं आणि पोट साफ होईना. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. आता नाचणी कॅल्शियमसाठी, राजगिरा, हळीव, तीळ, रोज उसळ आणि वर लिंबू. पहिले काही महिने दूध पण पचत नव्हतं, आतडं भरून आल्यावर पचायला लागलं. व्हिटॅमिन डी आणि बी १२ तपासून घ्या, हाडांची डेक्सा टेस्ट पण डॉक्टरांना विचारून करा, माझी हाडं अडतिसाव्या वर्षी अपेक्षेपेक्षा ठिसूळ निघाली.

आणि आई-वडील, भावंडं, मुलं यांची टेस्ट कराच, त्रास नसला तरी. हा आजार घराण्यातून येतो, जवळच्या नात्यात दहातल्या साधारण एकाला असू शकतो. माझ्या लेकीची निगेटिव्ह आली, पुढे परत करायची आहे. धाकटा भाऊ चार वर्षं टाळत होता, मला काही होत नाही म्हणायचा. परवा माझा नॉर्मल रिपोर्ट बघायला आला, गरम भाकरी खाल्ली, आणि जाताना दारात म्हणाला, ताई, मला पण तोंडात फोड येतात गं अधूनमधून. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याला लॅबमध्ये घेऊन गेले. शुक्रवारी रिपोर्ट येणारे.