एका हातानं उघडणारं पुस्तक

बाळ यायच्या आधी घरात बाळाची पुस्तकं आली. काही भेट म्हणून, दोन मी हौसेनं विकत घेतलेली आणि एक बायकोच्या मैत्रिणीचं, वाचून परत करायच्या बोलीवर. त्यातलं सगळ्यांत जाड पुस्तक मी आठव्या महिन्यात पेन्सिल घेऊन वाचून काढलं. ओळींखाली रेघा, समासात टिपा, सगळं साग्रसंगीत. बायको पाय वर घेऊन हे बघत होती. म्हणाली, "पेपर लेखी नाहीये रे."

नव्हताच. प्रात्यक्षिक होतं, आणि तेही रात्री पावणेतीनला. बाळाला घरी आणून दुसराच दिवस. नॅपी उघडली तर आत हिरवी शी. शेवाळासारखी हिरवी. बायकोचा नुकताच डोळा लागलेला, तिला उठवायची हिंमत नव्हती. बाळ डाव्या खांद्यावर, उजव्या हातात ते जाड पुस्तक. ते एका हातानं उघडं राहत नाही, हे आठवा महिनाभर वाचूनही लक्षात आलं नव्हतं. कोपरानं दाबलं तर मिटतं, गुडघा ठेवला तर पान दिसत नाही. मागे सूची असेल म्हणून पाहिलं, तर सूचीच नाही. पुढच्या अनुक्रमणिकेत एक प्रकरण सापडलं, 'नवजात अर्भकाचे उत्सर्जन'. त्यात शिरलो, तर पहिली दीड पानं पचनसंस्थेची महती.

उत्तर मिळालं ते दवाखान्यातून निघताना फाइलमध्ये खोचून दिलेल्या पातळ पुस्तिकेत. सरळ लिहिलं होतं: पहिले दोन दिवस काळी, डांबरासारखी चिकट शी, मग हिरवट, दूध नीट पोटात जायला लागलं की पाचव्या दिवसाच्या आसपास पिवळी. आमचा चौथा दिवस होता. मी नॅपी बदलली आणि पुस्तिका उशीखाली ठेवली.

तेव्हापासून बालसंगोपनाचं कुठलंही पुस्तक हातात आलं की मी ते मागून उघडतो. सूची आहे का? आणि सूचीत शी आहे की मल? 'शी' लिहायला लाजणाऱ्या लेखकानं रात्री पावणेतीनला बाळ धरलेलं नसणार, असा माझा पूर्वग्रह आहे आणि तो सोडायचा माझा विचार नाही.

छपाईचं साल बघायची सवय मात्र आईमुळे लागली. बाळाला उताणं झोपवताना बघून ती म्हणाली, "पालथं घाल रे, शांत झोपतं. तुला आम्ही तसंच झोपवायचो." मी नाही म्हटल्यावर ती कपाटातून तिचं पुस्तक घेऊन आली. पिवळी पडलेली पानं, पाठीला चिकटपट्टी. "हे बघ, छापलंय." खरंच छापलं होतं. तिचं काही चुकत नव्हतं. उताणं बाळ उलटी होऊन गुदमरेल, या भीतीनं तेव्हा कित्येक डॉक्टरही हेच सांगायचे. पुढे पालथं झोपण्याचा आणि तान्ह्या बाळांच्या झोपेतल्या अचानक मृत्यूंचा संबंध दिसत गेला. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पालथं झोपवू नका असं सांगितलं, १९९४ मध्ये तिथे त्याची मोठी मोहीम निघाली, आणि त्या दशकात असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आईचं पुस्तक १९८६ चं. "मग तू जगलास कसा?" आईनं विचारलं. याचं उत्तर कुठल्याच आवृत्तीत नाही. बाळ उताणंच झोपलं आणि आई दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

दुधाचंही तसंच. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला २००१ चा. त्याआधी तिथेही चार ते सहा महिने असं म्हणत. म्हणजे जुनं पुस्तक खोटं नसतं, ते थांबलेलं असतं. पण घड्याळ थांबलंय हे दिसतं तरी. पुस्तक तितक्याच ठामपणे बोलत राहतं.

मुखपृष्ठावर झोपलेलं बाळ आणि 'हमखास' हा शब्द एकत्र दिसले की मी पुस्तक खाली ठेवतो. त्याबद्दल एवढंच.

तक्त्यांनी मात्र मला जागरणांपेक्षा जास्त छळलं. जाड पुस्तकात प्रत्येक महिन्यासमोर एक कामगिरी होती, ऑफिसातल्या उद्दिष्टांसारखी. बाराव्या महिन्यासमोर 'चालते'. आमचं बाळ बाराव्या महिन्यात टीपॉय धरून उभं राही आणि माझ्याकडे बघून बसून घेई. मग दुसऱ्या एका पुस्तकात जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये दिलेली मुदत वाचली: निरोगी मुलं आधाराशिवाय चालतात ती साधारण सव्वाआठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान कधीतरी. शेकडा चारेक मुलं तर गुडघ्यांवर रांगतच नाहीत. एका आकड्याऐवजी दोन आकडे दिले, तर घरातली किती भांडणं टळतात!

त्या पातळ पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक चौकट होती: 'वाचत बसू नका, फोन करा'. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप; दूध ओढत नाही; नॅपी कोरडीच राहते; श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो. जाड पुस्तकात तापावर अकरा पानं होती, आणि हा आकडा नवव्या पानावर. आम्ही ती चौकट कापून फ्रिजवर लावली.

वर्ष उलटल्यावर बायकोनं मैत्रिणीच्या पुस्तकाची आठवण केली. परत द्यायचं म्हणून चाळलं. सूची त्यातही नव्हती, पण मागच्या कोऱ्या पानावर मैत्रिणीनं स्वतःच एक केली होती. बॉलपेननं, ओळी खाली घसरलेल्या, दुसऱ्या हातात बाळ असताना लिहिल्यासारख्या. 'उचक्या २३. नाळ पडली, रक्ताचा थेंब १९. हिरवी शी ४१.' म्हणजे त्या रात्री हे पुस्तक हाताच्या अंतरावर होतं. त्याखाली 'रडतंय, कारण सापडत नाही' आणि समोर तीन पानांचे आकडे, तिन्ही खोडलेले. मग वेगळ्या शाईत, 'सहाव्या आठवड्यानंतर कमी होत जातं'.

मी पेन शोधलं आणि खाली एक ओळ घातली: 'नखं ५८. गाढ झोपेत असतानाच.'