बादलचं ऑईल सील

टू-स्ट्रोक गाडी गरम झाली की बंद पडते म्हटलं, की बहुतेक मिस्त्री पहिला हात कार्बोरेटरला घालतात. पेट्रोलची बारीक भोकं, म्हणजे जेट, फुंकतात, पैसे घेतात आणि गिऱ्हाईक चार दिवसांनी पुन्हा दारात. माझ्याकडे आलेल्या बादलचा कार्बोरेटर इतक्या जणांनी खोलला होता, की स्क्रूच्या खाचासुद्धा उरल्या नव्हत्या.

बादल ही तीन चाकांची, फायबर बॉडीची चिमुकली कार. 1970 च्या दशकात बंगळूरच्या सनराइझ ऑटोमोटिव्ह इंडस्ट्रीजने काढली. हीच मंडळी पुढे सिपानी नावाने डॉल्फिन कार बनवायला लागली. इंजिन मागे, एकच सिलिंडर, 198 सीसी. आपल्या इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची छोटी कार मीरा कधी बाजारात आलीच नाही. बादल निदान रस्त्यावर तरी धावली. लोक तिला रिक्षा म्हणून हसतात तेव्हा मला राग येतो. स्कूटरच्या ताकदीवर अख्खं घर पावसात कोरडं न्यायचं, ही काय साधी गोष्ट आहे?

मालक म्हणजे गिरणीत हिशेब लिहिलेले, पंच्याहत्तरी ओलांडलेले काका. मी आधी प्लग काढला. टोक राखेसारखं पांढरं. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. इंजिन तापल्यावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला तरी वेग उतरेना, उलट चढायला लागला. हवा दुसरीकडूनच ओढली जात होती. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-ऑईलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद पेटीत, येतं, तिथून वर सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे क्रँकच्या दांड्याभोवतीचं रबरी सील गेलं, की बाहेरची हवा आत शिरते आणि सगळं गणित बिघडतं. इंजिन उतरवलं. सीलचा ओठ कडक होऊन चिरला होता, नखाने तुकडा निघाला. गाडीच्या नावाने हे सामान कुठेच मिळत नाही. पण सील नावावर नाही, मापावर चालतं. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलो आणि घेऊन आलो.

त्याआधी काकांचा मुलगा गॅरेजवर येऊन गेला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मिस्त्री, बाबांना सांगा सामान मिळत नाही. तुमचे पैसे मी देतो." मी काहीच बोललो नाही.

इथे सोलापुरात होटगी रोडला ट्रायल घेतली. खड्डा आला की चारचाकीवाला तो दोन चाकांच्या मधून काढतो. इथे पुढचं एकुलतं चाक नेमकं मधोमध, म्हणजे तीन माग सांभाळायचे. परतताना काका म्हणाले, "आता मी घेतो." सात रस्त्याला डावीकडे वळताना एक मोटरसायकल आडवी घुसली. अशा गाडीत वळणावर जोरात ब्रेक मारला, की सगळं वजन पुढे उजवीकडे जातं आणि तिथे टेकायला चाकच नसतं. माझा पाय आपोआप फळीवर दाबला गेला. काकांनी आधी स्टिअरिंग सरळ केलं, मग ब्रेक दाबला, मोटरसायकल गेल्यावर पुन्हा वळवलं. बोलणं मध्येच तोडलंसुद्धा नाही. ते सांगत होते, उतारावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून ठेवू नये, कारण पेट्रोलबरोबर येणारं ऑईल बंद होतं आणि पिस्टन सुका चालतो. आजकाल शिकाऊ पोरांना मी हेच सांगून थकतो.

गाडी त्यांच्या ताब्यात दिली. संध्याकाळी मुलाचा फोन आला, "काही झालं तर तुम्ही जबाबदार."

त्याची भीती खोटी नाही. आज हात-पाय साथ देतात, उद्याचं कोण सांगणार? या गाडीला पुढे वाचवणारं काही नाही, पातळ फायबर आणि त्यामागे माणसाचे गुडघे. माझे वडील असते तर मीही कदाचित किल्ली लपवली असती. पण ती घरातली गोष्ट, बापलेकांनी समोरासमोर बसून बोलायची. टेबलावर सील पडलेलं असताना मिळत नाही म्हणून सांगायचं माझ्याच्याने झालं नाही. काका आता इंजिनात साचलेला कार्बन काढायला येणार आहेत. तेव्हा ब्रेक शू मी न विचारता बदलणार आहे, आणि मुलालाही सोबत या म्हणून सांगितलंय. त्याने अजून हो म्हटलेलं नाही.