18 इंचांचा बाक

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत, 8 बाय 10 फुटांच्या स्वयंपाकघरात जेवणाची बैठक करून देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा अंतर्गत सजावटीच्या व्यवसायात बरीच वर्षे काढलेल्या मला ते अगदी किरकोळ वाटले होते. घरात चार माणसे होती. आजींना डॉक्टरांनी मांडी घालून बसायला मनाई केल्यापासून पंगत मोडली होती. बाकीचे तिघे हॉलमध्ये सोफ्यावर ताट हातात घेऊन जेवत आणि आजी स्वयंपाकघरात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, ताट मांडीवर ठेवून.

सूनबाईंनी मला मोबाइलवर एक फोटो दाखवला होता : ओट्यालाच जोडून काढलेले काउंटर आणि समोर उंच स्टुले. त्यांचा ओटा 33 इंच उंच होता, म्हणजे त्याच्या पातळीवर जेवायचे तर 23-24 इंचांचे स्टूल हवे, आणि पाठ नसलेल्या त्या स्टुलावर 78 वर्षांच्या बाईंनी दिवसातून चार वेळा चढावे-उतरावे, हे मला पटेना. त्याऐवजी मी भिंतीला बिजागरीच्या ब्रॅकेटवर घडी होणारे 4 फूट लांब टेबल, त्याच्या एका अंगाला खाली खण असलेला तेवढ्याच लांबीचा बाक आणि दुसऱ्या अंगाला दोन खुर्च्या असे सुचवले. खुर्ची मागे ओढून उठायला साधारण 30 इंच जागा लागते आणि फ्रिजचे दार पुरते उघडावे लागते, म्हणून या दोन्ही रेषा मी खडूने फरशीवर आखून दाखवल्या. त्या बाबतीत मी काळजी घेतली होती. चूक झाली ती उंचीत.

टेबल 30 इंच आणि बैठक 18 इंच, ही मापे आम्हाला इतकी पाठ असतात की ती कोणासाठी घेतली आहेत, हे विचारायचे भान राहत नाही. मिस्त्रींनी 710 मार्काच्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा बाक माझ्या नकाशाबरहुकूम केला : 3 इंचांची खालची चौकट, तिच्यावर 15 इंचांचे खोके. गादीवाल्याला 2 इंचांचा फोम मीच सांगितला होता. मात्र तो 18 इंचांत धरायचा मी विसरले होते.

बसवण्याच्या दिवशी दुपारपर्यंत सगळे जागेवर आले. आजींना मानाने पहिले बसवले. त्या बसल्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, मला बसमध्ये बसल्यासारखं वाटतंय.” त्यांचे पाय जमिनीपासून चांगले चार बोटे वर लोंबकळत होते. मी टेप काढून त्यांच्या गुडघ्याच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले; घरातल्या स्लिपरसह ते 16 इंच भरले. बाक गादीसकट 20 इंच होता. पाय असे अधांतरी राहिले की मांडीच्या मागच्या बाजूला बाकाची कड रुतते आणि थोड्या वेळात मुंग्या येतात. ज्या गुडघ्यांसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, त्यांनाच तो बाधला असता.

सूनबाई चटकन आत गेल्या आणि माळ्यावरचा सागवानी पाट काढून आणून त्यांनी तो आजींच्या पायांखाली सरकवला. उंची बरोबर जमली. मी सुटकेचा श्वास सोडत होते, तोच आजींनी दोन्ही पाय वर ओढून घेतले. “ह्याच पाटावर ह्याची मुंज लागली,” मुलाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “त्यावर पाय ठेवू होय?” मुद्दा बिनतोड होता. पाट पुसून पुन्हा माळ्यावर गेला.

मग मिस्त्री पुढे झाले. फरशी कुठे उंच, कुठे सखल असते, म्हणून ते खालची चौकट नेहमी वेगळी करून केवळ स्क्रूने जोडतात, आणि त्यांच्या या सवयीने माझी अब्रू वाचली. चौकट काढताच 3 इंच गेले. पण आता प्लाय थेट फरशीवर टेकणार होते आणि रोज ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या स्वयंपाकघरात कितीही चांगले प्लाय कडेने फुगायला वेळ लागत नाही. गॅलरीत जुन्या मांडणीचा कडप्पा पडून होता. त्याच्या पाऊण इंच जाडीच्या पट्ट्या कापून बाकाखाली दिल्या, गादीचा फोम माझ्या खर्चाने 1 इंचाचा करून आणला, आणि बैठक पावणेसतरा इंचांवर आली. बसल्यावर फोम दबतो तो वेगळाच.

बाक खाली गेला म्हणजे टेबलही खाली घ्यायला हवे. बैठक आणि टेबल यांत 10 ते 12 इंचांचे अंतर असावे लागते. त्याहून जास्त झाले की खांदे उचलून जेवावे लागते. ब्रॅकेट 2 इंच खाली घ्यायची, म्हणजे टाइल्सना नवी भोके पाडायची. त्याच भिंतीवर स्विचबोर्ड होता, आणि वायरची नळी बोर्डापासून बहुधा सरळ वर किंवा खाली जाते, म्हणून तेवढा उभा पट्टा सोडून अगदी हळू ड्रिल चालवले. तरीही एका टाइलचा कोपरा उडाला. जुनी भोके पांढऱ्या सिमेंटने भरली, पण बारकाईने पाहिले तर दोन अजून दिसतात.

दिवेलागणीला आजी पुन्हा बसल्या. या वेळी दोन्ही टाचा फरशीवर टेकल्या. त्या काही बोलल्या नाहीत. सूनबाईंना मेथीची जुडी आणायला सांगून टेबलावर पसरलेल्या कागदावर पाने खुडू लागल्या. तेवढ्यात सहा फुटी चिरंजीव कौतुकाने त्यांच्या शेजारी बाकावर येऊन बसले, तर त्यांचे गुडघे टेबलाच्या कडेला जाऊन भिडले. माझ्याकडे एकवार पाहून ते निमूटपणे समोरच्या खुर्चीवर गेले.